वळणावरची धाव

धुळ्याहून चाळीसगावकडं जाणाऱ्या सडकेवर हिवरकोठं नावाचं गाव लागतं. गावाच्या अलीकडं टेकडीचा लांबलचक उतार संपतो आणि तिथंच सडक एकदम डावीकडं वळते. नवखा ड्रायव्हर उतारावरून भरधाव यायचा, आणि वळण डोळ्यांना दिसेपर्यंत हातातलं सगळं सुटलेलं असायचं. महिन्या-दीड महिन्याला काही ना काही उलटायचंच.

वळणाला लागून अभिमन पाटलाचं शेत होतं. कपाशी निंदता निंदता ब्रेक करकरल्याचा आवाज कानावर आला की तो विळा जागेवर टाकायचा आणि बांध ओलांडून धावत सुटायचा. नुसता तोच नाही. पलीकडच्या वावरातून भिकन यायचा, गावातून बाया हंडे घेऊन यायच्या, कोणी बाज उचलून आणायचं, कोणी बैलगाडी जुंपायचं. अभिमनची बायको पुष्पाबाई जुनं लुगडं सोबतच घेऊन निघायची आणि चालता चालताच त्याच्या पट्ट्या फाडायची. जखमी माणूस कोण, कुठला, कुठल्या जातीचा, हे विचारायला कोणाला सवड नसे. बाज उचलायची ती अभिमन आणि भिकननं, असं जणू ठरूनच गेलं होतं. दोघांची उंची सारखी, पावलं सारखी. पुढं एक, मागं एक. धुळ्याकडं जाणारा पहिला ट्रक थांबवायचा, माणसाला आत निजवायचं आणि सोबत जायचं. संध्याकाळी परत आलं की आंघोळ करायची, भाकर खायची. बस. त्यात आपण काही मोठं करतो असं गावाला कधी वाटलं नाही. शेजारच्याचा बैल गाळात रुतला तर चार जण हात लावतातच की.

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या वळणावर कांद्याचा ट्रक उलटला. ट्रकमध्ये मालकाचा धाकटा भाऊ बसलेला होता. कांद्याच्या गोण्यांखालून त्याला काढायला अर्धं गाव लागलं. पोटाला मोठा मार होता, पण माणूस वाचला.

पंधरा दिवसांनी गावात जीप आली. जीपमधून उतरले ते रुपचंदशेठ, धुळ्याचे ट्रकमालक. अंगानं स्थूल, चेहरा भोळा. मारुतीच्या पारासमोर उभं राहून ते बोलायला लागले आणि बोलता बोलता रडले. म्हणाले, "तुम्ही माझा भाऊ दिला मला परत. मी याची काय फेड करू?"

अभिमनला त्यांचं रडणं पाहवेना. तो म्हणाला, "शेठ, फेडानी काय गरज शे? आम्ही तं नेहमीच जातस."

"तेच म्हणतो मी," शेठ डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही नेहमी जाता आणि तुम्हाला कोणी विचारत नाही. हे बरोबर नाही."

शेठनं तिथल्या तिथं जाहीर केलं. या वळणावरच्या जखमी माणसाला जो कोणी धुळ्याच्या दवाखान्यात पोचवील, त्याला त्यांच्या पेढीवरून पितळेची घागर आणि लोकरीचं ब्लँकेट मिळेल. आणि वर्षभरात ज्याच्या हातून सगळ्यात जास्त माणसं पोचतील, त्याला सव्वीस जानेवारीला नवीकोरी सायकल. गावानं टाळ्या वाजवल्या. अभिमननंही वाजवल्या. चांगल्या माणसानं चांगल्या मनानं दिलेली गोष्ट, तिला नाही कसं म्हणायचं?

पोळ्याच्या सुमाराला एक टेम्पो झाडावर आदळला. अभिमन आणि भिकननं ड्रायव्हरला बाजेवर घातलं, ट्रक थांबवला, दवाखान्यात नेलं. तिथून ते शेठच्या पेढीवर गेले, कारण शेठनं तसं सांगून ठेवलं होतं. दिवाणजीनं चहा मागवला आणि विचारलं, "कोणी आणला?"

"आम्ही," भिकन म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण? घागर एकच आहे, ब्लँकेटं अजून यायची आहेत. एक नाव सांगा."

दोघं एकमेकांकडं पाहायला लागले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. बाजेचा पुढचा भाग उचलणारा माणूस आणतो का मागचा?

"भिकननं नाव लिखा," अभिमन म्हणाला.

"नही, आबानं लिखा. आबा मोठा शे," भिकन म्हणाला.

दिवाणजीला घाई होती. त्यानं वयानं मोठा म्हणून अभिमनच्या हातात घागर दिली. परतीच्या वाटेवर एस.टी.त दोघांच्या मध्ये ती घागर होती आणि गाडी उसळली की ती वाजत होती. घरी आल्यावर अभिमननं पुष्पाबाईला सांगितलं, ही घागर भिकनच्या घरी देऊन ये. ती देऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकनची बायको कुंदाबाई घागर घेऊन दारात उभी. घागर ओट्यावर ठेवत म्हणाली, "जेले भेटनी तेनी ठेवानी. आम्ही काय भिकारी शेतस का?"

कुंदाबाई असं कधी बोलायची नाही. अभिमन दिवसभर विचार करत राहिला. ठेवली असती तर चुकलं असतं. दिली तरी चुकलं. मग बरोबर काय होतं?

पुढच्या अपघाताला भिकन आपली बैलगाडी जुंपून एकटाच आला. वावरात फेकल्या गेलेल्या एका क्लीनरला गाडीत घालून तो सडकेपर्यंत घेऊन गेला, आणि अभिमननं गाडीला हात लावला तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे आबा. मी करस." त्यात राग नव्हता. पण पुढं एक आणि मागं एक ही गोष्ट त्या दिवशी संपली.

मग गावातला मगन या कामात पडला. मगनकडं मळणीयंत्र होतं, एक जुनी मॅटाडोर होती, आणि रिकामा वेळ पुष्कळ. तो मॅटाडोर वळणाजवळच उभी करून ठेवायला लागला. अपघात झाला की सगळ्यांच्या आधी तो. बाजेवर घालणं नाही, पट्टी बांधणं नाही. उचलला, टाकला आणि निघाला. एकदा मोटरसायकलवरून पडून नुसतं ढोपर खरचटलेल्या मास्तरला त्यानं "चला, चला, आतून मार असतो" म्हणत दवाखान्यात नेलं. मास्तर वाटभर सांगत होते, अहो मला शाळेत जायचंय. गाव पोट धरून हसलं. मगनच्या घरात मात्र घागरींची उतरंड लागली.

आणि खरं सांगायचं तर माणसं वाचतही होती. मॅटाडोर पाऊण तासात धुळ्याला पोचायची. अभिमनला हेही दिसत होतं, म्हणून तर त्याला काही बोलता येत नव्हतं.

एक दिवस त्यानं घरातून निघताना पुष्पाबाईला हाक मारली, "चाल, गाडी उलटनी!"

ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "जा तुम्ही. पानी पाजाले काय घागर भेटस?"

ती थट्टेनं बोलली. अभिमनही हसला आणि धावला. पण वळणावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकही बाई आलेली नाही. मळ्याच्या कडेला एक म्हातारा हमाल पडलेला होता, ट्रकच्या टपावरून फेकला गेलेला. पलीकडं एक तरुण कण्हत होता. अभिमन आधी म्हाताऱ्याजवळ गेला, नाकापाशी बोट धरलं. श्वास नव्हता. तो उठला आणि तरुणाकडं वळला. मगनची मॅटाडोर त्या दिवशी मळणीवर गेली होती, म्हणून अभिमननंच दूधवाल्याची गाडी थांबवून तरुणाला धुळ्याला नेलं. जिवंत माणसाला आधी न्यायचं, हे बरोबरच होतं. ब्लँकेट मिळालं, घागर मिळाली.

दुपार कलल्यावर तो परत आला, तर म्हातारा तसाच पडलेला. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. चेहऱ्यावर माश्या. पूर्वी असं माणूस गेलं की बाया त्याच्यावर लुगडं टाकायच्या, पोलीस येईपर्यंत कोणी ना कोणी सावलीत बसून राहायचं. ओळखीचा नसला तरी बसायचं. मेलेल्याला एकटं ठेवायचं नाही, असं कोणी शिकवलेलं नव्हतं, पण तसंच होतं.

सडकेवरून मगन येत होता. अभिमननं त्याला विचारलं, "आठे कोनी बसनं नही का?"

मगन बुचकळ्यात पडला. "बसीसन काय करतस आबा? तो तं मरी गया ना."

अभिमननं खांद्यावरचं नवं ब्लँकेट काढून म्हाताऱ्यावर पसरलं आणि तो शेजारी बसला. त्याला मगनचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्याच्या मनात राहून राहून एकच येत होतं: सकाळी मी या माणसाच्या नाकापाशी बोट धरलं, श्वास नाही कळल्यावर उठलो, तेव्हा माझ्या मनात काय होतं? जिवंत माणूस वाचवायचा हे होतं, का हा कामाचा नाही हे होतं? तो आठवून आठवून पाहत होता आणि त्याला नक्की सांगता येत नव्हतं.

रात्री तो घरी आल्यावर पुष्पाबाईनं विचारलं, "ब्लँकेट कोठे शे?" तिला त्यानं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माले काबर बलावं नही?"

"बलावं व्हतं ना मी."

"हा," ती म्हणाली, "बलावं व्हतं." आणि पदरानं तोंड पुसत आत गेली.

दिवाळीनंतर गावात सायकलीच्या गोष्टी सुरू झाल्या. मळणीच्या दिवसांत मॅटाडोर नसली की माणसं अभिमनच पोचवायचा. अभिमनला कोणाचे किती झाले याच्याशी घेणं नव्हतं, पण पारावर बसलेली माणसं त्याला बोलावून सांगायची, "आबा, तुमना आन मगनना बराबर चाली ऱ्हायनं बरं!" सायकल त्याला नको होती. लेकी सासरी गेलेल्या, स्वतः चालवणारा नाही. पण ती मगनला मिळावी असंही त्याला वाटत नव्हतं. ही दुसरी गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. स्वतःशीसुद्धा ती कबूल करायला त्याला बरेच दिवस लागले.

आणि मग जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, भाजीचा टेम्पो उलटला. वांगी आणि मेथीच्या जुड्या सडकेवर पसरल्या होत्या. टेम्पोखाली एक बाई अडकली होती, ताईबाई नावाची, चाळीसगावकडची, बाजार करून परत निघालेली. अभिमननं तिचे खांदे धरले आणि ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात मगन आला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं तिचा हात धरला. "आबा, सोडा. मॅटाडोर आठेच शे."

"मी पहिले उनू," अभिमन म्हणाला. खरंच, आधी आला होता तो तोच.

"पहिले उनात तं काय? नेशात कसावर?"

अभिमनला ठाऊक होतं की मगन बरोबर बोलतोय. मॅटाडोर दहा पावलांवर उभी होती. पण त्याच्या हाताची पकड सुटेना. तो ओढत होता, मगन ओढत होता, आणि मध्ये बाई होती. तिचा हात कोपरापाशी विचित्र वळलेला होता. ती किंचाळली, "अरे, मी मानूस शे रे भो! मानूस शे मी!"

अभिमनची पकड सुटली. मगननं तिला उचललं आणि नेलं. सडकेच्या कडेला उभा असलेला भिकन सगळं पाहत होता. त्यानं अभिमनकडं पाहिलं आणि मान फिरवली.

सव्वीस जानेवारीला सायकल मगनला मिळाली. अभिमन कार्यक्रमाला गेला नाही. त्या दिवशी तो धुळ्याला दवाखान्यात ताईबाईला बघायला गेला. तिच्या हाताला प्लास्टर होतं. तिनं त्याला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हीच ना भाऊ? तुम्हीच पहिले उनात. माले तुमना चेहरा याद शे." तिनं उशाशी ठेवलेली बोरं त्याच्या ओंजळीत घातली. हात कशानं मोडला, टेम्पोनं का ओढाओढीनं, हे तिला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. तो विचारणार होता, पण विचारलं नाही. बोरं घेऊन तो बाहेर आला आणि तिथून सरळ रुपचंदशेठच्या पेढीवर गेला.

"शेठ, हाई बक्षीस बंद करा."

शेठ चकित झाले. "का हो आबा? तुम्हाला सायकल मिळाली नाही म्हणून?"

"नही शेठ. त्यानाकरता नही."

"मग? डॉक्टर म्हणतात, पूर्वीपेक्षा माणसं लवकर येतात, जास्त येतात. ती मगनची गाडी चोवीस तास तयार असते. गेल्या वर्षी जी माणसं मेली असती ती या वर्षी घरी गेली. मी चूक काय केलं, सांगा."

अभिमनला सांगायचं होतं की पूर्वी बाया यायच्या. की भिकन आता त्याच्याशी बोलत नाही. की एक म्हातारा उन्हात एकटा पडून होता. पण पेढीवर, काचेच्या टेबलासमोर, ही सगळी कारणं त्याला स्वतःलाच लहान वाटायला लागली. एका बाजूला वाचलेली माणसं; दुसऱ्या बाजूला काय? त्याला नावच देता येईना.

"माले सांगता येत नही शेठ," तो म्हणाला. "पन काहीतरी बिघडनं."

शेठ भले होते. त्यांनी अभिमनला बसवलं, चहा पाजला, आणि निघताना दारापर्यंत सोडायला आले. त्या वर्षी होळीनंतर बक्षीस बंद झालं. अभिमनच्या सांगण्यानं झालं, का शेठच्या धंद्याला उतार लागला होता म्हणून, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. मगननं मॅटाडोर वळणावरून काढली आणि केळीच्या वाहतुकीसाठी रावेरकडं लावली. त्याला तरी दोष कसा द्यायचा? डिझेल काय फुकट मिळत होतं?

अभिमनला वाटलं, आता पूर्वीसारखं होईल.

वैशाखात एका दुपारी तो बांधावर भाकर खात बसला होता, तेव्हा उतारावर ब्रेक करकरले आणि लोखंड फाटल्यासारखा आवाज झाला. अभिमन उभा राहिला. आणि उभाच राहिला. तो गावाकडच्या वाटेकडं पाहत होता, पावलांचे आवाज येतील म्हणून. कोणी आलं नाही. पारावर माणसं बसलेली लांबून दिसत होती. त्यांनीही माना वळवून पाहिलं होतं. तीसुद्धा जणू वाट बघत होती की कोण जातंय.

पूर्वी थांबावं लागत नव्हतं. पाय आपोआप निघायचे. आता पाय निघण्याआधी त्याच्या मनात विचार आला: कशासाठी? आणि त्या एका शब्दाला ओलांडायला त्याला बांध ओलांडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग तो धावला.

ट्रक खड्ड्यात कलंडला होता. ड्रायव्हर, पंचविशीतला, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. कपाळातून रक्त येत होतं, पण शुद्धीत होता. अभिमनला एकट्याला दार उघडेना. तो दारावर पाय देऊन ओढत होता, तेव्हा शेजारून दोन हात पुढं आले. भिकन होता. काही न बोलता दोघांनी दार वाकवलं, पोराला बाहेर काढलं आणि हातांची पालखी करून सडकेवर आणलं. बाज आणायला कोणी नव्हतं.

धुळ्याकडं जाणारी एस.टी. थांबली. दवाखान्यात पोराला आत नेल्यावर दोघं बाहेर पायऱ्यांवर बसले. कित्येक महिन्यांत असे ते एकमेकांजवळ बसले नव्हते.

भिकननं विडी पेटवली. "बक्षीस बंद व्हयनं ना?"

"हा."

"मंग तू काबर उना?"

आपण का आलो, याचा अभिमननं विचार केला. पूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर तो हसला असता. आता त्याला खरंच उत्तर शोधावं लागलं आणि ते सापडलं नाही. "माले माहीत नही. तू काबर उना?"

"तू पळताना दखायना," भिकन म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पन मी पहिले उठनू नही आबा. पारवर बसेल व्हतू. दखत बसनू."

"मीबी उभा ऱ्हायनू," अभिमन म्हणाला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा एक म्हातारा शेतकरी दवाखान्यात आला. ड्रायव्हरचा बाप. निरोप मिळताच धरणगावाहून तसाच निघाला होता; धोतराला मातीचे डाग, पायात चपला वेगवेगळ्या. लेकाला पाहून तो बाहेर आला, या दोघांसमोर उभा राहिला आणि पिशवीतून गूळ-शेंगदाण्याचे लाडू काढून हातावर ठेवायला लागला. बायकोनं वाटेसाठी दिलेले असावेत. "घ्या बाप्पा. दुसरं काही नही मनापाशी. घ्या."

भिकननं अभिमनकडं पाहिलं. अभिमन लाडवांकडं पाहत राहिला. घेतलं तर तीही एक घागरच झाली का? नाही घेतलं तर या म्हाताऱ्यानं काय समजायचं? पूर्वीही माणसं अशीच यायची, कोणी नारळ आणायचं, कोणी पसाभर ज्वारी, आणि ते घेताना मनाला काही चिकटत नसे. घेणं तेच होतं, हातही तेच होते.

म्हातारा हात पुढं करून उभाच होता.

अभिमननं एक लाडू उचलला. तोंडात टाकला. गूळ चांगला होता, शेंगदाणे जरा जास्त भाजलेले. भिकननंही एक घेतला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला आणि तो खाली त्यांच्याच पायरीवर बसला, लेकाबद्दल सांगायला लागला, लहानपणी तो कसा बैलगाडीखाली सापडता सापडता वाचला होता ते. अभिमन ऐकत होता, मान हलवत होता, आणि लाडू चघळता चघळता त्याला अजून कळत नव्हतं की त्यानं आत्ता जे केलं ते बरोबर होतं की नाही.